रुग्णसंकेतांक

रुग्णसंकेतांक : औषध, लस, शस्त्रक्रिया किंवा अन्य उपचारपद्धती यांची माणसांवर पद्धतशीर चाचणी घेताना तीत सहभागी होणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस तिच्या नावाऐवजी जो अंक अथवा अंक व अक्षरे यांचा समूह दिला जातो, त्यास रुग्णसंकेतांक म्हणतात. क्लिनिकल ट्रायल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा चाचण्यांतील तपासण्यांचे निष्कर्ष, औषधाच्या मात्रा, दुष्परिणामांची वृत्ते इ. सर्व नोंदी या संकेतांकाखालीच एकत्र होतात. संकेतांकाकडून दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा असते. नोंद वाचणाऱ्याला रुग्ण कोण हे कळू नये, ही एक. आणि प्रसंग पडल्यास नेमका तोच रुग्ण विनाविलंब शोधून काढता यावा, ही दुसरी. पहिली गरज भागली नाही, तर रुग्णाची खाजगी माहिती उघडी पडते आणि चाचणीच्या निष्कर्षांतही पक्षपात शिरतो. दुसरी भागली नाही, तर प्रत्यक्ष जीव धोक्यात येतो. या दोन गरजांचा मेळ कसा घालावा आणि संकेतांक व नाव यांना जोडणारी यादी कोणाच्या हाती असावी, या प्रश्नांना वेळोवेळी जी उत्तरे मिळत गेली, त्यांचा इतिहास म्हणजेच रुग्णसंकेतांकाचा इतिहास होय.

रुग्णसंकेतांक हा रुग्णालयातील केसपेपरवरच्या नोंदणी क्रमांकाहून वेगळा असतो. केसपेपरचा क्रमांक रुग्णाच्या उपचारासाठी असून तो रुग्णालयातील अनेकांना माहीत असतो व त्यावरून नाव सहज सापडते. रुग्णसंकेतांक हा एका विशिष्ट अभ्यासापुरताच मर्यादित असतो आणि त्या अभ्यासाबाहेर त्याला काहीही अर्थ नसावा, अशी अपेक्षा असते.

पूर्वपीठिका : सॅलिसबरी या जहाजावर १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीने आजारी असलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. त्यांपैकी संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. रुग्ण, वैद्य आणि नोंदवही हे सारे एकाच जहाजावर असल्यामुळे तेथे संकेतांकाची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथे प्येर शार्ल आलेक्सांद्र लूई यांनी रुग्णांचे गट करून आकड्यांच्या आधारे उपचारांची तुलना करण्याची पद्धत रूढ केली. एका रुग्णाच्या वृत्तांताऐवजी अनेक रुग्णांच्या नोंदी एकत्र मोजण्याची ही दृष्टी संकेतांकाच्या कल्पनेला पायाभूत ठरली.

रुग्णालयांच्या कारभारात क्रमांकाचा शिरकाव स्वतंत्रपणे झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९०७ साली हेन्री प्लमर यांनी प्रत्येक रुग्णास एक कायमचा क्रमांक देऊन त्याची सर्व कागदपत्रे त्या क्रमांकाच्या एकाच संचिकेत ठेवण्याची पद्धत सुरू केली. तत्पूर्वी निरनिराळ्या डॉक्टरांच्या वह्यांमध्ये एकाच रुग्णाच्या नोंदी विखुरलेल्या असत. ‘एक व्यक्ती, एक क्रमांक, एक संचिका’ हे तत्त्व येथून पुढे सर्वत्र पसरले.

चाचण्यांमध्ये मात्र प्रश्न वेगळा होता. योहानेस फिबिगर यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या कोपनहेगन येथील घटसर्पाच्या अभ्यासात एका दिवशी दाखल झालेल्यांना प्रतिविष रक्तरस आणि दुसऱ्या दिवशी दाखल झालेल्यांना नेहमीचा उपचार, असा क्रम ठेवला होता. रक्तरस मिळालेल्या २३९ रुग्णांपैकी ८, तर न मिळालेल्या २४५ पैकी ३० रुग्ण दगावले. या पद्धतीत आज येणाऱ्याला काय मिळणार हे आधीच ठाऊक असते, हा तिचा दोष होय. त्यामुळे एखाद्या रुग्णाला एक दिवस आधी किंवा नंतर दाखल करून घेण्याचा मोह होऊ शकतो. स्कॉटलंडमधील लॅनर्कशर येथे १९३० साली सुमारे २०,००० शाळकरी मुलांवर झालेल्या दुधाच्या प्रयोगात असा मोह प्रत्यक्षच नडला. गटांत समतोल दिसत नसल्यास मुलांची अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९३१ मध्ये असे दाखवून दिले की, दुधाच्या गटात हडकुळी व गरीब मुले अधिक गेली असावीत आणि त्यामुळे एवढ्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष डळमळीत झाले. शिक्षकांचा हेतू दयेचा होता. परंतु कोणत्या मुलाला काय मिळणार हे ज्याच्या डोळ्यांसमोर असते, त्याची दयाही निष्कर्ष बिघडवते, हा धडा त्यातून मिळाला.

मोहोरबंद पाकिटे : ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सर्दीवरील पॅट्युलिन या द्रव्याची १९४३-४४ मध्ये चाचणी घेतली, तेव्हा औषध व प्लासीबो (औषधासारखे दिसणारे पण औषधी गुण नसलेले द्रव्य) यांना प्रत्येकी दोन अशी एकूण चार अक्षरे देण्यात आली होती. दोनच अक्षरे असती, तर एका रुग्णावरून अंदाज बांधून सर्वांचा उलगडा झाला असता. चार अक्षरांमुळे ते अवघड झाले.

याच संस्थेने फुप्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी घेतली, ती या इतिहासातील निर्णायक घटना होय. तिचा वृत्तांत ३० ऑक्टोबर १९४८ रोजी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये प्रसिद्ध झाला. तीमधील वाटपाची योजना ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची होती. त्यांनी यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून क्रम ठरवून प्रत्येक केंद्रासाठी मोहोरबंद पाकिटे तयार केली. पाकिटावर रुग्णालयाचे नाव आणि एक क्रमांक एवढेच असे. रुग्ण चाचणीस योग्य आहे असा निर्णय झाल्यानंतरच त्या क्रमांकाचे पाकीट मध्यवर्ती कार्यालयात उघडले जाई आणि आतील पत्रिकेवरून रुग्णाला स्ट्रेप्टोमायसिन द्यावयाचे की केवळ विश्रांती, हे केंद्रातील डॉक्टरांना कळविले जाई. क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्या तज्ञांना रुग्ण कोणत्या गटातील आहे हे माहीत नसे. एकूण १०७ रुग्णांपैकी औषध मिळालेल्या ५५ मधील ४ आणि न मिळालेल्या ५२ मधील १४ रुग्ण सहा महिन्यांत मृत्यू पावले.

या पाकिटावरील क्रमांकाने दोन कामे साधली. रुग्ण व त्याचा उपचार यांची गाठ त्याने घातली आणि ती गाठ योग्य वेळ येईपर्यंत झाकूनही ठेवली. ही गुप्तता केवळ औपचारिक नाही, याचा पडताळा पुढे १९९५ मध्ये मिळाला. केनेथ शुल्त्स व त्यांचे सहकारी यांनी २५० चाचण्या तपासल्या, तेव्हा ज्या चाचण्यांत वाटप नीट झाकलेले नव्हते त्यांतील उपचारांचा लाभ, शक्यतांच्या गुणोत्तरात मोजता, सुमारे ४१ टक्क्यांनी फुगलेला आढळला. स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. औषध न मिळालेल्या रुग्णांना आपण एखाद्या चाचणीत आहोत हे सांगण्यात आले नव्हते. रुग्णाचा क्रमांक होता, पण त्याची संमती नव्हती. ही त्रुटी दूर व्हावयास आणखी काही दशके लागली.

मोठ्या संख्येचा प्रश्न : अमेरिकेत १९५४ साली जोनस सॉल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली, तीत सुमारे १८ लाख मुलांचा सहभाग होता. त्यांपैकी काही प्रदेशांत लस व प्लासीबो दिसावयास सारख्याच कुप्यांतून टोचण्यात आले. प्रत्येक कुपीवर एक सांकेतिक क्रमांक असे व तो मुलाच्या नोंदपत्रकावर लिहिला जाई. टोचणाऱ्या डॉक्टरला, मुलाला व त्याच्या पालकांना कुपीत काय आहे हे माहीत नसे. उकल करण्याची किल्ली मिशिगन विद्यापीठातील टॉमस फ्रान्सिस यांच्या मूल्यमापन केंद्राकडे होती. लक्षावधी नोंदी छिद्रित पत्रिकांवर उतरवून यंत्रांच्या साहाय्याने त्यांची जुळणी करण्यात आली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी निष्कर्ष जाहीर झाले. पत्रिका चाळणाऱ्या यंत्राला अंदाज करता येत नाही. माणूस ‘हा तोच मुलगा असावा’ असे ओळखतो. यंत्राला दोन ठिकाणचा क्रमांक तंतोतंत सारखा लागतो. त्यामुळे क्रमांकातील एका अंकाची चूक म्हणजे एका मुलाच्या नोंदीचा लोप, ही स्थिती या काळापासून निर्माण झाली.

भारतात १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. २०११ पासून ही संस्था राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तेथील पहिल्या अभ्यासात १९३ रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या घरीच ठेवून तीच औषधे देण्यात आली. घरी राहणाऱ्यांचे निष्कर्ष जवळजवळ तितकेच चांगले असल्याचे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि क्षयावरील घरगुती उपचारांस जगभर मान्यता मिळाली. या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, कार्यकर्त्यांना रुग्णाच्या घरी जाऊन औषधांच्या गोळ्या मोजाव्या लागत व कुटुंबातील इतरांवरही लक्ष ठेवावे लागे. म्हणजे निष्कर्ष काढणाऱ्याला नावाची गरज नसली, तरी दार ठोठावणाऱ्याला नाव व पत्ता दोन्ही आवश्यक होते. यादी नष्ट करणे हा गोपनीयतेचा उपाय होऊ शकत नाही, ती योग्य हाती ठेवणे हाच उपाय होय, हे अशा अभ्यासांवरून स्पष्ट होते.

थॅलिडोमाइड प्रकरण : यादी मुळातच नसेल तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत १९६२ साली पुढे आले. थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधास परवानगी मिळावी म्हणून तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे सप्टेंबर १९६० मध्ये अर्ज आला होता. पुरावा अपुरा असल्याच्या कारणावरून फ्रान्सेस केल्सी यांनी तो अडवून धरला. हे औषध गर्भावस्थेत घेतल्याने अर्भकांत गंभीर व्यंग उत्पन्न होते असे दिसून आल्यावर नोव्हेंबर १९६१ मध्ये ते पश्चिम जर्मनीत मागे घेण्यात आले. परवानगी नसली तरी अमेरिकेत ते ‘चाचणीसाठी’ म्हणून एक हजाराहून अधिक डॉक्टरांना वाटण्यात आले होते. सुमारे २५ लाख गोळ्या सुमारे २०,००० रुग्णांपर्यंत पोचल्या होत्या. प्रशासनाच्या निरीक्षकांनी १९६२ च्या उन्हाळ्यात या डॉक्टरांकडे चौकशी केली, तेव्हा अनेकांकडे कोणाला किती गोळ्या दिल्या याची नोंदच नव्हती. त्या स्त्रियांपैकी कोण गर्भवती होत्या आणि कोणाच्या घरात उरलेल्या गोळ्या अजून पडून होत्या, हे सांगणे अशक्य झाले.

या प्रकरणानंतर १० ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेत औषधविषयक कायद्यात केफॉव्हर-हॅरिस दुरुस्ती झाली. चाचणीतील औषधाचा व ते घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचा हिशेब ठेवणे आणि तिची संमती घेणे यांविषयीचे नियम त्यानंतर कडक झाले. रुग्णसंकेतांक ही संख्याशास्त्रज्ञांची सोय न राहता रुग्णाच्या सुरक्षिततेचे साधन झाला, तो या टप्प्यावर.

नियम व व्याख्या : जागतिक वैद्यक संघाने १९६४ मध्ये हेलसिंकी येथे मानवी संशोधनाच्या नीतितत्त्वांचा जाहीरनामा स्वीकारला. यूरोप, अमेरिका व जपान येथील औषधनियमांत एकवाक्यता आणण्यासाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मे १९९६ मध्ये ‘उत्तम चिकित्सालयीन प्रथा’ या विषयावरील मार्गदर्शिका मान्य केली. तीत रुग्णसंकेतांकाची व्याख्या आढळते. तीनुसार, सहभागी व्यक्तीची ओळख सुरक्षित राहावी म्हणून संशोधकाने तिला दिलेले व दुष्परिणाम आदी माहिती कळविताना नावाऐवजी वापरावयाचे अनन्य चिन्ह म्हणजे हा संकेतांक होय. नाव व संकेतांक यांची जोडयादी संशोधकाने, म्हणजे रुग्णावर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या केंद्राने, गोपनीय ठेवावी आणि औषध तयार करणाऱ्या प्रायोजकाकडे केवळ संकेतांक जावा, अशी ही व्यवस्था आहे. मध्यवर्ती कार्यालयाकडे उपचाराची किल्ली आणि स्थानिक डॉक्टरकडे नावाची किल्ली, असे हे अधिकारांचे विभाजन आहे. एकाच हाती दोन्ही किल्ल्या असू नयेत, हे त्यामागील तत्त्व होय. जानेवारी २०२५ मध्ये मान्य झालेल्या या मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या सुधारित आवृत्तीत, ज्याच्यावर प्रयोग होतो तो ‘विषय’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दाऐवजी ‘सहभागी’ हा शब्द योजिला आहे.

भारतात मानवी चाचण्यांविषयीच्या तरतुदी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘वाय’ परिशिष्टात १९८८ मध्ये समाविष्ट झाल्या. सध्या ‘नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९’ लागू आहेत. गंभीर दुष्परिणाम कळविण्याच्या भारतीय नमुन्यात रुग्णाची आद्याक्षरे आणि रुग्णालयातील नोंदणी क्रमांकासारखे एखादे ओळखचिन्ह मागितले जाते. ही प्रथा जुन्या पद्धतीचा अवशेष असून, आद्याक्षरे हे ओळखीचे कितपत विश्वसनीय साधन आहे, हा प्रश्न तीतून उपस्थित होतो.

संकेतांकाची रचना : रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे व जन्मतारीख जोडून संकेतांक करण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. लक्षात ठेवावयास ती सोपी. पण दोन्ही बाजूंनी सदोष आहे. ओळखीच्या माणसाला तीवरून रुग्ण ओळखता येतो, आणि अनोळखी यंत्राला दोन रुग्णांत फरक करता येत नाही. मराठी नावांत स्वतःचे, वडिलांचे वा पतीचे नाव व आडनाव असा क्रम असतो. विवाहानंतर अनेक स्त्रियांच्या नावाचे तिन्ही घटक बदलतात. एका गावात एकाच आडनावाची अनेक घरे असणे नित्याचेच आहे. तमिळ लोकांत आडनावाची प्रथा नसून वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावतात. अनेक वयस्कर ग्रामीण रुग्णांना जन्मतारीख माहीत नसते आणि कागदोपत्री ती १ जानेवारी वा १ जून अशी लावलेली असते. नवजात बालकांच्या बाबतीत तर नावच नसते. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची व्यवस्था करून ४७ तुलनेच्या गावांशी तिची तुलना केली. तीत अर्भकमृत्यूंपैकी पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा अभ्यासांत ज्या बालकांचे मृत्यू मोजावयाचे, त्यांतील कित्येकांचे बारसेही झालेले नसते. नाव मिळण्यापूर्वीच जे गेले, त्यांची नोंद टिकते ती क्रमांकामुळेच.

या कारणांमुळे संकेतांक अर्थहीन असावा, म्हणजे त्यातून रुग्णाविषयी काहीही कळू नये, असे तत्त्व मान्य झाले. साधारणपणे त्याचे दोन भाग असतात : केंद्राचा क्रमांक आणि त्या केंद्रातील रुग्णाचा अनुक्रमांक. त्याला बहुधा एक पडताळा अंक जोडतात. हस्तलिखित वा टंकलिखित क्रमांकात एक अंक चुकणे आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल होणे, या चुका नेहमी आढळतात. त्या पकडण्यासाठी आय.बी.एम.चे हान्स पीटर लून यांनी एक रीत शोधली व तिचे अमेरिकन एकस्व त्यांना १९६० मध्ये मिळाले. डच गणितज्ञ याकोबस फेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली रीत अधिक काटेकोर आहे. तिसरी एक रीत अकराने भागण्याची असून ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा दहा अंकी क्रमांक तीवर आधारलेला आहे. उदा., केंद्र ०४ व रुग्ण १३७ असल्यास ०, ४, १, ३ व ७ या अंकांना अनुक्रमे ६, ५, ४, ३ व २ यांनी गुणून बेरीज केली म्हणजे ४७ येते. तीत ८ मिळविल्यास ५५ होऊन अकराने नि:शेष भाग जातो. म्हणून पडताळा अंक ८ व पूर्ण संकेतांक ०४-१३७-८ असा होतो. नोंद करणाऱ्याने चुकून ०४-१७३-८ असे लिहिल्यास बेरीज ५१ व ८ मिळून ५९ येते, अकराने भाग जात नाही आणि संगणक तो क्रमांक नाकारतो. ज्या अनुक्रमांकास १० हा पडताळा अंक येईल तो वगळतात. या छोट्या हिशेबामुळे एका रुग्णाचे रक्ततपासणीचे निष्कर्ष दुसऱ्याच्या नावे जाण्याचा संभव बराच कमी होतो.

संगणकीय प्रणालींतील योजना : विसाव्या शतकाच्या अखेरीस कागदी नोंदपत्रकांची जागा संगणकीय प्रणालींनी घेण्यास प्रारंभ केला. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये सुरू झालेली ‘रेडकॅप’ आणि खुल्या आज्ञावलीची ‘ओपनक्लिनिका’ या प्रणाली विद्यापीठांतील संशोधकांत विशेष प्रचलित झाल्या. पूर्वी जे निर्णय पाकिटे तयार करणारा घेई, ते आता अभ्यास सुरू होण्यापूर्वी प्रणालीची मांडणी करणाऱ्यास घ्यावे लागतात.

पहिला निर्णय संकेतांक कोणी द्यावा हा. ओपनक्लिनिकाच्या तिसऱ्या आवृत्तीत तीन पर्याय होते : नोंद करणाऱ्याने तो हाताने भरावा, प्रणालीने सुचवावा पण बदलण्याची मुभा असावी, किंवा प्रणालीने द्यावा व तो बदलता येऊ नये. जन्मतारीख पूर्ण घ्यावी, केवळ वर्ष घ्यावे की मुळीच घेऊ नये, हेही तीत ठरविता येई. रेडकॅपमध्ये केंद्रांचे गट पाडल्यास प्रत्येक नोंदीच्या क्रमांकापूर्वी गटाचा अंक आपोआप लागतो व एका केंद्राला दुसऱ्या केंद्राचे रुग्ण दिसत नाहीत. नाव, पत्ता, दूरध्वनी इ. रकान्यांवर ‘ओळखदर्शक’ अशी खूण केल्यास माहिती बाहेर काढताना ते वगळता येतात.

दुसरा निर्णय संकेतांक केव्हा द्यावा हा. सामान्यतः संमतिपत्रावर सही होताच तो देतात. प्राथमिक तपासणीत रुग्ण अयोग्य ठरला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. कारण वापरलेला क्रमांक पुन्हा दिल्यास दोन व्यक्तींच्या नोंदी मिसळतात. उपचाराच्या वाटपाचा क्रमांक व औषधाच्या खोक्यावरील क्रमांक हे रुग्णसंकेतांकाहून वेगळे ठेवतात. ते एकच ठेवले आणि क्रमाने दिले, तर एका रुग्णाचा उलगडा होताच पुढील रुग्णांचा अंदाज बांधता येतो. पॅट्युलिनच्या चाचणीत चार अक्षरे योजून जे टाळले होते, ते पुन्हा घडते. तातडीच्या प्रसंगी एकाच रुग्णाचा उपचार उघड करता यावा व इतरांचा झाकलेला राहावा, यासाठीही हे पृथक्करण आवश्यक असते.

तिसरी बाब अगदी किरकोळ वाटते, पण उपद्रवी ठरते. संकेतांक हा दिसावयास आकडा असला तरी तो संख्या नव्हे. कोष्टकाच्या आज्ञावलीत तो संख्या म्हणून ठेवल्यास आरंभीची शून्ये गळतात आणि ०४१३७८ चे ४१३७८ होते. मग प्रयोगशाळेची यादी व रुग्णालयाची यादी जुळत नाही. म्हणून तो मजकूर म्हणून साठवितात व त्याची लांबी सर्व केंद्रांत सारखीच ठेवतात. औषधनियामकांकडे पाठवावयाच्या माहितीची रचना ठरविणाऱ्या सी-डिस्क या प्रमाणात, एका चाचणीपुरता संकेतांक आणि त्या औषधाच्या सर्व चाचण्यांत अनन्य असणारा संकेतांक असे दोन रकाने असतात. एकाच व्यक्तीने मूळ चाचणीत व नंतरच्या पाठपुराव्यात भाग घेतल्यास ती दोन व्यक्ती म्हणून मोजली जाऊ नये, हा त्याचा हेतू होय.

गोपनीयतेच्या मर्यादा : नाव काढून संकेतांक दिला म्हणजे व्यक्ती अज्ञात झाली, ही समजूत १९९७ मध्ये खोटी ठरली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेऊन जन्मतारीख, लिंग व टपाल विभाग यांच्या आधारे दोन्ही याद्या जुळविल्या आणि राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. या तीन बाबींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याजोगे आहेत, असा अंदाज त्यांनी २००० मध्ये मांडला. संकेतांक कितीही अर्थहीन असला, तरी त्याच्या शेजारच्या रकान्यांतील माहिती बोलकी असते, हे यावरून सिद्ध झाले. मे २०१८ पासून लागू झालेल्या यूरोपीय संघाच्या माहितीसंरक्षण नियमांत म्हणूनच संकेतांकित माहिती व अनामिक माहिती यांत भेद केला आहे. जोडयादी कोठेतरी अस्तित्वात आहे तोवर संकेतांकित माहिती ही व्यक्तिगत माहितीच मानली जाते. भारतात व्यक्तिगत अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

राष्ट्रीय ओळखक्रमांकांमुळे हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. भारतातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. या बारा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक फेरहूफ यांच्या रीतीने काढलेला पडताळा अंक असतो. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात प्रत्येक नागरिकास चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांक घेता येतो. असे क्रमांक रुग्णसंकेतांक म्हणून वापरणे सोयीचे वाटण्याचा संभव आहे, कारण ते अनन्य व कायमचे असतात. परंतु याच गुणांमुळे ते या कामास अयोग्य ठरतात. राष्ट्रीय क्रमांक व्यक्तीच्या मागे सर्वत्र जातो आणि तिच्या आयुष्याच्या निरनिराळ्या नोंदी जोडतो. रुग्णसंकेतांकाने ही जोडणी होऊ द्यावयाची नसते. क्षय, एच.आय.व्ही. संसर्ग किंवा मानसिक विकार यांवरील चाचणीत भाग घेतल्याची गोष्ट नोकरी देणाऱ्याला, सोयरिकीच्या बोलणीत वा गावात कळू नये, अशी रुग्णाची अपेक्षा असते व ती रास्त आहे.

मोहोरबंद पाकिटापासून संगणकीय प्रणालीपर्यंत साधने बदलली, तरी संकेतांकाची कसोटी बदललेली नाही. एखाद्या औषधाचा धोका ध्यानात आल्यास ते घेतलेल्या प्रत्येकाच्या दारापर्यंत त्याच दिवशी पोचता आले पाहिजे, आणि तसा प्रसंग येईपर्यंत ते दार कोणाचे, हे रुग्णाच्या डॉक्टरखेरीज इतर कोणालाही कळता कामा नये. या दोन्ही अटी पूर्ण करणारा संकेतांक आणि त्याची काळजीपूर्वक जतन केलेली जोडयादी, यांवरच चाचणीत भाग घेणाऱ्या सामान्य माणसाचा विश्वास अवलंबून असतो.